यमुनाचं फेरिटिन

“हा रिपोर्ट आपल्या लॅबमधून बाहेर जाणार नाही,” सर म्हणाले.

मी त्यांच्या टेबलावर दोन कागद ठेवले होते. एकावर यमुनाच्या जनुकाचा क्रम होता, दुसऱ्यावर जेल नावाच्या चाचणीचा फोटो. दोन्ही कागद एकच गोष्ट सांगत होते. या बाईच्या शरीरात लोह जास्त झालेलं नाही. तरीही महाडमधलं एक खाजगी हॉस्पिटल लोह कमी करायचं म्हणून दर महिन्याला तिचं पिशवीभर रक्त काढत होतं.

“सर, तिची पुढची तारीख येत्या आठवड्यात आहे.”

“पेशंट आपला आहे का?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी मॉलिक्युलर बायॉलॉजिस्ट आहे. मूळची महाडची, नोकरी पुण्यात. पेशंट बघत नाही, औषध लिहून देत नाही. आमचं काम पेशीच्या आत काय चालतं ते बघायचं. माझा विषय आरएनए. डीएनए हे मूळ पुस्तक, ते पेशी कपाटात जपून ठेवते. काम करायचं असलं की त्यातल्या हव्या त्या पानाची नक्कल काढून बाहेर पाठवते. ही नक्कल म्हणजे आरएनए. ती वाचून प्रोटीन तयार करणारं एक यंत्र पेशीत असतं, त्याला रायबोसोम म्हणतात.

बहुतेकांना वाटतं की ही नक्कल कागदाच्या पट्टीसारखी सरळ असते. तसं नाही. ती स्वतःवरच दुमडते, तिला गाठी पडतात, वळसे पडतात. कुठे कसा वळसा पडला यावर ती वाचली जाणार की नाही हे ठरतं. अशा एका वळशावर मी बारा वर्षं काम केलं. केसांच्या पिनेसारखा आकार, जेमतेम तीसेक अक्षरांचा. फेरिटिन नावाच्या प्रोटीनच्या नकलेच्या अगदी सुरुवातीला तो असतो.

फेरिटिन म्हणजे लोह साठवायचा डबा. शरीरात लोह कमी असलं की एक राखणदार प्रोटीन त्या पिनेवर जाऊन बसतं आणि यंत्राची वाट अडवतं. धान्यच नाही तर डबे कशाला करायचे? लोह वाढलं की राखणदार उठतो, यंत्र पुढे सरकतं, डबे तयार होतात. इतकी साधी आणि इतकी नेमकी व्यवस्था मी दुसरी पाहिलेली नाही. बारा वर्षं ती टेस्ट ट्यूबमध्ये पाहिली. ती बिघडलेला माणूस कधी पाहिला नव्हता.

वैशालीचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्येच होते. वैशाली माझी शाळेतली मैत्रीण, महाडला डोळ्यांची डॉक्टर आहे.

“पोलादपूरला कॅम्प केला होता,” ती म्हणाली. “एकाच घरातली चार माणसं आली. चौघांनाही मोतीबिंदू. आजोबांचं समजू शकते, पण मुलगी दहा वर्षांची आहे गं. आणि हा नेहमीसारखा मोतीबिंदू नाही. भिंगात पावाचा चुरा सांडल्यासारखे पांढरे कण आहेत.”

“रक्तातलं फेरिटिन बघितलंस?”

“मुलीच्या आईचं आधीच बघितलंय कुणीतरी. चौदाशे.”

माझ्या हातातलं पिपेट मी खाली ठेवलं. बाईमाणसात दीडशेच्या वर फेरिटिन गेलं तरी लॅब आकड्यापुढे खूण करते. चौदाशे फेरिटिन आणि लहानपणी मोतीबिंदू, ही जोडी मी फक्त शोधनिबंधांत वाचली होती. पिनेतलं एखादं अक्षर बदललं की पिन नीट वळत नाही. राखणदाराला बसायला जागाच राहत नाही. मग लोह असो नसो, डबे तयार होतच राहतात. रक्तात सापडतात, डोळ्याच्या भिंगात साचतात. पण डबे रिकामे असतात.

त्या रविवारी आम्ही दोघी गेलो. उमरठच्या पुढे गाडीरस्ता संपतो, तिथून तासभर चढ. वर सात-आठ घरांची वाडी. म्हशी, थोडी नाचणी, वरी. दूध रोज सकाळी खाली उतरवायचं. यमुना लग्नानंतर चार वर्षांत मुलीला घेऊन माहेरी परतलेली. घरात ती, तिचा म्हातारा बाप, भाऊ नामदेव आणि मुलगी श्रेया. नामदेव तिशीचा असेल. कपात चहा ओतताना तो कपाला बोट लावून अंदाज घेत होता.

“आमच्यात ह्या डोळ्यांचा पयल्यापासनंच हाय, बाय,” म्हातारा मला म्हणाला. “माजा बाप चाळीशीत आंधळा झाला. लोक बोलतात चुलीचा धूर. आता धूर काय आमच्याच घरात हाय?”

प्रश्न बिनतोड होता. शेजारच्या सहा घरांतही चुली होत्या आणि तिथल्या कुणाचे डोळे गेले नव्हते. या माणसाने बरोबर निरीक्षण केलं होतं. फक्त त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

रक्त घेण्याआधी संमतीचा फॉर्म असतो. तो मी पडवीत बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, ‘संशोधनातून आपल्या आरोग्यास उपयुक्त अशी माहिती मिळाल्यास आपल्याला कळवण्यात येईल.’

“म्हंजे तुमी सांगाल ना?” यमुनाने विचारलं.

“हो, सांगेन.”

तिने सही केली आणि हात पुढे केला. कोपराच्या आतल्या बाजूला सुयांचे व्रण होते. काही जुने, एक ताजा.

“हे काय?”

“रगत काढतात ना, ताय. म्हैन्याला एक पिशवी. माज्या रगतात लोखंड जास्ती झालाय असा डॉक्टर बोलला. सा पिशव्या झाल्या.”

“बरं वाटतं का त्याने?”

ती हसली. “कसला बरा. पूर्वी दोन कॅन घेऊन उतरायची, आता एकातच दम लागतो. पण डॉक्टर बोलला, खराब रगत गेला की चांगला येईल.”

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी वैशालीकडे. मला त्याच क्षणी जवळजवळ खात्री होती. पण ‘जवळजवळ’वर मी कुणाचा उपचार कसा थांबवणार? मी डॉक्टर नाही. मी म्हणाले, “आमचा रिपोर्ट येऊ दे, मग सांगते.” आज हे लिहिताना माझं हेच वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं.

खाली उतरल्यावर वैशालीने त्या डॉक्टरांना फोन केला. फेरिटिन वाढायची दुसरीही कारणं असतात, आमचा रिपोर्ट येईपर्यंत रक्त काढणं थांबवता येईल का, असं तिने अगदी नम्रपणे विचारलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडून उत्तर आलं, “तुम्ही डोळे बघा, मॅडम. लिव्हर मी बघतो.”

लॅबमध्ये नऊ दिवस लागले. जनुकाचा क्रम काढला. पिनेच्या टोकाशी एक अक्षर बदललेलं होतं, चौघांमध्येही तेच. मग त्यांच्या अक्षरांप्रमाणे आरएनए ट्यूबमध्ये तयार केला, त्यात राखणदार प्रोटीन टाकलं आणि जेलवर चालवून पाहिलं. जेल म्हणजे एक प्रकारची चाळणी. आरएनएवर प्रोटीन बसलं असेल तर ते जड होतं आणि जेलमध्ये मागे राहतं. निरोगी माणसाचा आरएनए मागे राहिला. यमुनाच्या घराचा थेट खाली धावला. राखणदार बसतच नव्हता.

हेच दोन कागद घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये उभी होते.

सर वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. त्यांची कारणं नियमातलीच होती. आमची लॅब संशोधनाची, निदान करायला मान्यता असलेली नाही. त्यामुळे आमचा रिपोर्ट कायद्याने रिपोर्टच नाही. एथिक्स कमिटीला विचारावं लागेल. उद्या काही झालं तर संस्थेवर येईल.

“आणि घरातली बाकीची माणसंही तपासायला हवीत,” ते म्हणाले. “मुंबईला चुलते आहेत म्हणालात ना? पूर्ण वंशावळ झाली की उत्तम पेपर होईल. आता घाईने काही बाहेर गेलं तर दुसरा कोणी छापेल.”

“सर, मी तिला सांगेन म्हणाले आहे. फॉर्ममध्ये तसं लिहिलंय.”

“फॉर्ममध्ये ‘कळवण्यात येईल’ असं लिहिलंय. कधी ते लिहिलेलं नाही.”

हे वाक्य त्यांनी हसून उच्चारलं. मी हसले नाही, पण भांडलेही नाही. मी एथिक्स कमिटीला ईमेल लिहिली. तीन ओळींत सगळं मांडलं आणि वर ‘अर्जंट’ लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की विषय पुढच्या बैठकीत घेण्यात येईल. मी मान्यताप्राप्त लॅबकडे नमुने पाठवायची परवानगी मागितली. तो कागद अकाउंट्स, स्टोअर आणि ऑफिस असा फिरत राहिला. मी रोज विचारत होते. रोज उद्या होत होतं. असे बारा दिवस गेले. या बारा दिवसांत मी कामात होते, ईमेल लिहीत होते, नियम पाळत होते. उमरठला एक फोन लावायला मला कुणी अडवलं होतं का? नव्हतं.

बाराव्या दिवशी नामदेवचा फोन आला.

“ताय, यमी पडली. दूध घेऊन उतरत व्हती. चक्कर आली. हात मोडलाय.”

“रक्त काढायला गेली होती का?”

“तीन दिस झाले. सातवी पिशवी.”

वरंधच्या घाटाने मी महाडला पोचले तेव्हा दुपार झाली होती. वैशाली त्याच हॉस्पिटलच्या दारात थांबली होती. यमुना आतल्या वॉर्डात होती. मनगटाला प्लॅस्टर, ओठ पांढरे. ती घसरून बांधाखाली गेली होती आणि गुरांमागे आलेल्या एका बाईला दिसेपर्यंत तिथेच पडून होती. नामदेव भिंतीला टेकून उभा. श्रेया आईच्या पायाशी बसली होती.

“दूध सगळा सांडला,” यमुना म्हणाली. मग म्हणाली, “रिपोर्ट आला का गो ताय तुमचा?”

मी ‘हो’ म्हणाले. कधी आला ते तिने विचारलं नाही. मी पण तेव्हा सांगितलं नाही.

डॉक्टर राउंडला आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, भराभर बोलणारे. फाइल उघडून म्हणाले, “हिमोग्लोबिन सहा पॉइंट नऊ. दोन पिशव्या रक्त चढवू. जरा भरून आलं की महिन्याभराने पुन्हा काढायला सुरुवात करू.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, “चढवायचं आणि मग तेच काढायचं?”

“तुम्ही कोण?”

मी नाव सांगितलं, संस्थेचं सांगितलं.

“म्हणजे क्लिनिकल नाही तुम्ही. हे बघा मॅडम, फेरिटिन चौदाशे आहे. सात पिशव्या काढूनही चौदाशेच. किती हट्टी केस आहे बघा. असंच सोडलं तर लिव्हर जाईल हिचं.”

“सात पिशव्या काढूनही उतरत नाही, याचा अर्थ ते लोहामुळे वाढलेलं नाही.”

“फेरिटिन म्हणजे लोहच.”

“नाही. फेरिटिन म्हणजे डबा. तुम्ही डबे मोजताय. आत काही आहे का ते बघितलं का?”

माझा आवाज चढला होता. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. मी पर्समधून कागद काढला, त्यावर पिन काढली, राखणदार काढला, बदललेलं अक्षर काढलं. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं आणि मान हलवली.

“हे रिसर्चचं झालं. इथे मला प्रॅक्टिस करायची असते.”

“ठीक आहे. रिसर्च राहू दे. तिची फाइल द्या.”

ते देणार नव्हते. वैशालीने पुढे होऊन सिस्टरच्या हातातून फाइल घेतली. सिस्टरने ती सोडलीही पटकन. मी मागून पानं चाळू लागले. औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं, सोनोग्राफी. मधे एक पिवळसर कागद होता, याच हॉस्पिटलच्या लॅबचा, चार महिन्यांपूर्वीचा. ट्रान्सफरिन सॅच्युरेशन. रक्तात लोह वाहून नेणाऱ्या गाड्या असतात. त्या किती भरलेल्या आहेत ते ही टेस्ट सांगते. लोह खरंच जास्त झालेल्या माणसाच्या गाड्या निम्म्याच्या वर भरलेल्या असतात. यमुनाचा आकडा होता नऊ टक्के. आकड्याच्या पुढे लॅबने ‘कमी’ अशी खूण केली होती.

मी तो कागद डॉक्टरांच्या हातात दिला.

“ही टेस्ट तुम्हीच सांगितली होती. तुमच्याच लॅबने केली. चार महिने इथे फाइलमध्ये आहे. या बाईच्या अंगात लोह नाही, डॉक्टर. उरलंसुरलं तुम्ही पिशवीतून काढून घेतलंत.”

त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून वाचला. मग ते वळले आणि म्हणाले, “सिस्टर, हे मला दाखवायला नको?”

सिस्टर पंचविशीची असेल. खाली बघत राहिली. मला त्या डॉक्टरांच्या चुकीपेक्षा या वाक्याचा संताप जास्त आला. चूक कुणाचीही होते, माझीही झाली होती. पण चूक दिसल्यावर पहिल्या सेकंदाला ती दुसऱ्याच्या अंगावर ढकलायची, तीही ज्याला उलट बोलता येत नाही अशा माणसाच्या! मी तसं बोलून दाखवलं. काय शब्द वापरले ते आता नीट आठवत नाही. वैशाली म्हणते, बरेच वापरले.

नामदेव भिंतीपासून बाजूला झाला. तो पुढे आला.

“म्हंजे रगत काढायचा नव्हताच?”

“नव्हता,” मी म्हणाले.

“एक पण पिशवी?”

“एकही नाही.”

त्याने डॉक्टरांकडे तोंड केलं. त्याला ते धूसरच दिसत असणार. “आमी दर म्हैन्याला तिला चालवत आणायचो,” एवढंच तो म्हणाला. डॉक्टर राउंड अर्धवट सोडून निघून गेले.

रक्त एक पिशवी चढवलं, कारण तेवढं आवश्यक होतं. रक्त काढणं बंद झालं. डिस्चार्ज कार्ड हातात आलं तेव्हा मी ते वाचलं. त्यावर लिहिलं होतं, ‘रुग्णाच्या विनंतीवरून उपचार थांबवण्यात आले.’ मी ते बदलून मागितलं. दोन तास बसले. बदलून मिळालं नाही. वैशालीने तक्रार लिहायची तयारी दाखवली, पण यमुनाचं म्हणणं वेगळं होतं.

“ताय, उद्या बापाला काय झाला तर मला हितंच आणायचा हाय. दुसरा कुठं नेऊ?”

आम्ही तक्रार लिहिली नाही.

हॉस्पिटलच्या बाहेर, प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून ती रिक्षाची वाट बघत होती. तिथे मी तिला सांगितलं. रिपोर्ट बारा दिवस माझ्याकडे होता. मी फोन केला असता तर सातवी पिशवी गेली नसती आणि ती पडलीही नसती.

तिने गळ्यातला हात सावरला. मग म्हणाली, “तुमी सांगीन बोलला होता.”

“हो.”

“मग बोलायचा नाय ना तसा.” आणि ती रिक्षात बसली. श्रेयाने आत बसून माझ्याकडे हात हलवला. यमुनाने पाहिलं नाही. मला ते योग्यच वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगते. पुण्याला परतून, मी महाडला काय केलं ते सरांना सांगितलं. मला मेमो मिळाला, ‘अनधिकृतपणे माहिती उघड केल्याबद्दल’. मी त्याला उत्तर दिलं आणि सोबत यमुनाचं नऊ टक्क्यांचं पान आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट जोडला. त्यानंतर मेमोबद्दल कुणी बोललं नाही. मान्यताप्राप्त लॅबकडे नमुने पाठवायची परवानगी मात्र दोन दिवसांत मिळाली. त्यांनीही तेच अक्षर सांगितलं.

यमुनाला वैशालीने लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. ज्या बाईचं लोह काढायला निघाले होते, तिलाच लोह द्यावं लागलं. चार महिन्यांत हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. फेरिटिन तेव्हाही चौदाशे होतं, आजही आहे आणि शेवटपर्यंत राहील. त्याने तिला डोळ्यांपलीकडे काही होणार नाही. आधी श्रेयाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग नामदेवचं, मग तिचं. श्रेया फळ्यावरचं न बघता शेजारणीच्या वहीतून उतरवते, अशी तिच्या शाळेतून तक्रार होती. ती बंद झाली. घरातल्या चौघांच्याही खिशात आता प्लॅस्टिक लावलेलं एक कार्ड असतं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की या व्यक्तीचं फेरिटिन जन्मतः जास्त आहे, लोह जास्त नाही, रक्त काढू नये.

पेपर छापून आला. चांगल्या ठिकाणी आला. त्यात यमुनाबद्दल एक ओळ आहे, की निदानापूर्वी रुग्णावर रक्त काढण्याचे उपचार करण्यात आले होते. कुणी केले, का केले आणि निदान झाल्यावरही एकदा कसे झाले, याला त्या पेपरात जागा नव्हती. मी घातलेलं वाक्य सरांनी काढलं. विज्ञानाशी संबंध नाही म्हणाले.

यमुना दिवाळीला फोन करते. पहिलं वर्षभर केला नव्हता.

आता नवा प्रकल्प सुरू करताना, पहिला नमुना घेण्याआधी, मी एक कागद भरून घेते. त्यावर तीन गोष्टी असतात. निकाल लागला तर फोन कोण करणार, कुणाला करणार आणि किती तासांत करणार. ऑफिसवाले म्हणतात असा फॉर्म नियमात कुठेच नाही. खरं आहे, नाही. मी तो त्यांच्याकडून सही करूनच घेते.